कानाला लागलेला हात

१७ ऑगस्ट १९८१, सोमवार. भंडारा

ही वही घेतली त्याला आज सव्वीस दिवस झाले. पहिल्या पानावर माझं नाव आणि दुसऱ्यावर एक बैल, यापुढे काम गेलं नाही. बैलसुद्धा अर्धाच आहे, मागचे पाय राहिले. रोज ठरवतो की आज लिहायचं. मग पेन सापडत नाही. पेन सापडलं की चहा आठवतो, टपरीवर कोणी भेटतो, तो तुमसरला निघालेला असतो आणि मला काही काम नसतं, म्हणून मीही तुमसरला. अशा रीतीने या तीन वर्षांत मी बालाघाट पाहिलं, राजनांदगाव पाहिलं, बल्लारशाच्या एका हॉटेलात दोन महिने कांदे कापले. लिहिलं काही नाही.

आज लिहितो आहे कारण डोकं तापलं आहे. भैय्यालालजींच्या साप्ताहिकासाठी मी हल्ली बातम्या आणतो आणि त्यांच्याच छापखान्यात राहतो. आज बोलावून म्हणाले, "गुलाब, खो-खोचा सीझन येऊन राहिला. अठरा सप्टेंबरले जिल्ह्याच्या शाळाईच्या मॅची. पोरीईच्या टीमा पाहून ये अन् आधीच लिहून टाक, कोन जिंकन ते. अंदाज पाहिजे, भाई, अंदाज. लोक त्याच्यावर भांडले पाहिजेत."

इथवर ठीक होतं. मग म्हणतात, "भाषा सीधीसादी ठेवजो. मॅट्रिक फेल मानूस लिहाले बसला का लगीत फुलंच फुलं लावते."

मॅट्रिक फेल आहे, खो-खो फेल नाही. तीन वर्षं शाळेकडून खेळलो. खांबावरून उडी मारताना हनुवटी फुटली त्याची खूण अजून आहे. यांनी आयुष्यात एकदा तरी मैदानात उकिडवं बसून पाठीवर थाप खाल्ली आहे का? पण मी मान हलवून निघालो. बोलायला पाहिजे होतं. जेवलो, झोपलो, उठलो, तरी तेच फिरून राहिलं आहे.

२० ऑगस्ट, गुरुवार. लाखनी

इथल्या मैदानाला लागूनच हायवे आहे. ट्रक भोंगा वाजवत गेला की "खो" ऐकूच येत नाही. पण लक्ष्मणराव सरांनी त्यातूनही वाट काढली आहे. पोरींना सांगून ठेवलं आहे, कानाच्या भरवशावर राहू नका, पाठीवर हात पडला की उठा. त्यामुळे टीम उठते मात्र विजेसारखी. नऊच्या नऊ सारख्या. पण उडी मारणारी एकही नाही. पळणारी खांबाजवळ गेली की मागे लागलेलीच्या हातून सुटलीच समजा. हे लिहून घेतलं.

लक्ष्मणराव माणूस चोख. गळ्यात शिटी, हातात घड्याळ आणि खिशात एक छोटी वही, तीत प्रत्येक पोरीची जन्मतारीख.

"एक जुलैले सतरा पुरे झाले का पोरगी बाद," ते म्हणाले. "माही खांबावरची पोरगी यंदा अशीच घरी बसवली. एका दिवसानं गेली."

"एका दिवसानं कशी?"

"तारीखच एक जुलै. हे पाय." वही उघडली. "एक जुलै, एक जुलै, हे बी एक जुलै. तुही कोनती?"

"एक जुलै."

"अख्खा जिल्हा एकाच दिवशी पैदा झाला का बे! सुइनी पुरल्या कशा?"

मी हसलो. मग हसू गेलं. ही तारीख कोण लिहितं ते मला चांगलं माहीत आहे. आईबापांना तारीख सांगता येत नाही, मग शाळा ज्या दिवशी उघडते त्या दिवशी सगळ्यांना जन्माला घालतात. माझे बाबा, केशवराव गुरुजी, कोंढ्याच्या शाळेत छत्तीस वर्षं हेच करत होते. दाखल-खारीज रजिस्टर, निळी शाई, वळणदार अक्षर, आणि एक जुलै. माझीही त्यांनीच लिहिली. स्वतःच्या पोराची.

पुढचं आज नाही लिहीत.

२५ ऑगस्ट, मंगळवार. बपेरा

मधले चार दिवस कुठे गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. तुमसरला जाताना एक ढोलकीवाला भेटला, त्याच्या गावी दंडारीच्या नाटकाची तालीम चालली होती, आणि त्यांचा राजा तापाने पडला होता. म्हणून मी राजा झालो. राजाला बोलायला चारच वाक्यं होती, ती मी आठ केली. लोक खूश. दिवाळीनंतर परत ये म्हणाले.

बपेऱ्याची टीम नदीकाठच्या रेतीत सराव करते. पायाखालून रेती सरकते आणि तरी या पोरी पळतात, तर घट्ट मैदानावर काय करतील! दम लगीत, संपतच नाही. सात मिनिटांचा डाव संपला तरी श्वास फुललेला नाही. त्यांच्या सुमनबाई मास्तरीण पदर खोचून स्वतः पळतात. मी कडुलिंबाखाली बसलो होतो तर तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी लिहिनारे लोक येता, पोरीईले पाहता अन् चालले जाता. काय पाहिलं, सांगा बरं."

मी म्हटलं, "तुमची तीन नंबरची बसते तेव्हा उजवा पाय मागे टाकते. डावीकडे निघायला तिला अर्धा सेकंद जास्त लागतो. लाखनीवाल्यांनी पाहिलं तर तिकडूनच पळतील."

बाईंनी वळून तिचा पाय पाहिला. मग म्हणाल्या, "तुमाले खेळ समजते. मंग नोकरी काहून नाई धरली कुठं?"

चांगलं बोलून असा चिमटा घेतात लोक. मी उठून चालू लागलो. इथे लिहितो. तीन वर्षांपूर्वी पोलीस भरती होती. छाती भरली, उंची भरली, पळण्यात पहिला आलो. वय सात महिन्यांनी जास्त निघालं. घरी येऊन बाबांना म्हटलं, तुमच्याच हातची तारीख आहे, शाळेत अजून तुमचाच शब्द चालतो, एक आकडा करा. चारचा सहा करा. म्हणाले, "माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही." बस, एवढंच. पोराचं आयुष्य खोडलं गेलं तरी चालेल, कागद साफ पाहिजे! मी त्याच दिवशी घर सोडलं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. कोंढा

आलो. घरी नाही. मारोतराव सरांकडे उतरलो, इथल्या शाळेचे खेळाचे मास्तर. आमचं घर त्यांच्या घरापासून पाच घरं सोडून आहे. तिकडून तोंड फिरवूनच गेलो.

उद्या पोळा, म्हणून आज खांदशेकणी. मारोतरावांनी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले, पळसाच्या पानाने चोळले, आणि दोघांच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तसेच तुपाचे हात घेऊन मैदानावर आले आणि टीममधल्या एकेकीच्या खांद्याला बोट लावत तेच म्हणू लागले. पोरी खिदळल्या. "सर, आमी का बैलं हाओ का?" "बैलाहून जास्ती राबल्या तुमी. सारा रोवना तुमीच केला." खरं होतं ते. गेला दीड महिना अर्धी टीम बांध्यांमधून वाकून धान लावत होती, सराव पंधरा दिवसांचाच आहे. लिहून घेतलं, कच्ची टीम.

मग चंद्रकलेला पाहिलं आणि ते खोडलं.

दहावीची पोरगी, काटकुळी, आणि हात मात्र दुसऱ्या कोणाचे तरी लावल्यासारखे लांब. पळणारी खांबाला वळसा घालून सुटली असं मला वाटलं. ही खांबाला एका हाताने धरून अख्खी आडवी हवेत गेली आणि दुसरा हात तिच्या टाचेला टेकवून आली. माती उडाली. मी उभा राहून ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही.

सराव सुटल्यावर ती जवळ आली. "तुमी गुरुजीचे गुलाबभाऊ ना? मले तुमच्या बाबानंच शाळंत घेतलं. मी तं भावाच्या मांगं मांगं गेलती, शाळा कशी रायते पाहाले." आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखवला. आता तो हात कानाला थांबतच नाही, खांद्यापर्यंत जातो.

मला तो दिवस आठवला. शाळेत जन्माचा कागद कोणाकडेच नसे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं, नाही आला तर पुढच्या वर्षी या. त्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो, नववीत दुसऱ्यांदा. एक एवढीशी पोरगी, नाक गळत असलेली, आणि तिचा हात सरळ कानाच्या खाली उतरला. सगळे हसले. बाबांनी पेन उघडलं.

३ सप्टेंबर, गुरुवार. भंडारा

लेख झाला! एका बैठकीत. चहा नाही, काही नाही. लाखनीचं उठणं, बपेऱ्याचा दम, सगळं आलं. बपेऱ्याच्या तीन नंबरचा पाय मात्र लिहिला नाही, सुमनबाईंना वाईट वाटलं असतं. शेवटी लिहिलं की ढाल कोंढ्याला जाणार. सगळ्यात चांगला तुकडा इथे उतरवून ठेवतो:

"कोंढ्याच्या चंद्रकलेचा हात हे या सीझनचे हत्यार आहे. सन १९७० च्या जुलै महिन्यात, सहा वर्षांची असताना, गुरुजींनी तिला डोक्यावरून पलीकडचा कान धरायला सांगितला, तेव्हाच त्या एवढ्याशा पोरीचा हात कानाच्या खाली उतरला होता; प्रस्तुत लेखक तेव्हा शाळेच्या ओट्यावर बसला होता. अकरा वर्षांनी तोच हात पळणारीच्या टाचेपर्यंत पोहोचतो आहे."

भैय्यालालजी म्हणाले, "ये कानवाली बात काट दे. खेळाशी काय संबंध तिचा?"

मी फाडफाड बोललो. म्हटलं, बाकी सगळं कापा, हे कापाल तर मी आत्ता निघालो. अर्धा तास भांडलो. खिळे जुळवणारासुद्धा काम सोडून ऐकत उभा राहिला. शेवटी हात जोडले त्यांनी. "छाप रे बावा, छाप."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुठलं तरी भांडण जिंकलो.

११ सप्टेंबर, शुक्रवार. लाखनी

माणसं नीच असतात.

मारोतरावांचं कार्ड आलं. लाखनीकडून आक्षेप गेला आहे, चंद्रकला वयात बसत नाही. दाखला काढून पाहिला, जन्मतारीख १ जुलै १९६४. या १ जुलैला सतरा पुरे. मारोतरावांनी एवढ्या वर्षांत कधी हिशेबच घातला नव्हता. पोरगी दिसायलाच बारकी, मधे चौथीत आई आजारी म्हणून वर्ष गेलं, आठवीत नापास झाली, कोणाच्या ध्यानात येणार?

मी मिळेल त्या ट्रकने लाखनी गाठली. लक्ष्मणराव वर्गावर होते, बाहेर बोलावलं आणि दारातच सुरू केलं. म्हटलं, मैदानावर जिंकायची हिंमत नाही म्हणून कागदावर जिंकता? पोरीच्या पोटावर पाय देता? पोरं खिडकीत गोळा झाली.

त्यांनी आवाज चढवला नाही, हेच मला सहन झालं नाही. खिशातून माझ्या लेखाचं कात्रण काढलं.

"मी कोंढ्याचा दाखला पाहाले गेलो होतो का? तूच लिहिलं. सत्तरमंधी सहा वर्षाची. मले निस्ती बेरीज करा लागली."

"मग करायची कशाला?"

"माही पोरगी एका दिवसानं घरी बसवली, तुले सांगतलं होतं. तिचा बाप रोज रस्त्यात उभा करून इचारते मले. तो बी पेपर वाचते. त्याले काय सांगू, कोंढ्याची चालते, तुही नाई चालत?"

मी परतीचा ट्रक धरला. वाटेत याची तीन उत्तरं सुचली.

१३ सप्टेंबर, रविवार. कोंढा

चंद्रकलेच्या घरी गेलो. तिची आई, मंगलाबाई, निंदणावरून येऊन पाय धूत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली निळ्या कागदाची फुलं. मी म्हटलं, बाई, हिचा जन्म खरा कधीचा?

"लगीत पक्का सांगतो भाऊ. दीक्षेले नऊ वर्स झाले होते. पासष्ट सन. दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलो, हे पोटात. सासू म्हने नको जाऊ, मी म्हटलं जाइनच. येताना वरठीच्या ठेसनावर उतरलो अन् थेच झाली. बायाईनं लुगडं धरलं चारी बाजूनं. येत्या दसऱ्याले सोळा पुरे होतीन."

म्हणजे शाळेत गेली तेव्हा पाच वर्षंही पुरी नव्हती! कोतवालाच्या बुकात नोंद असेल म्हटलं, तर तीही नाही. जन्म गावाबाहेरचा, कोतवालाला कोणी सांगितलंच नाही. मारोतराव भंडाऱ्याला विचारून आले आहेत, आता एकच रस्ता आहे. ज्यांनी तारीख लिहिली त्यांनी सही करून लिहून द्यायचं, की ही तारीख अंदाजाने लिहिली होती. म्हणजे बाबांनी.

अड्याळचा मामा येऊन बसला होता. सुपारी कातरत म्हणाला, "खेळते म्हनून शाळेत ठेवली. सरानं सांगतलं होतं, नागपूरले निवड झाली तं पुढचं शिक्षन बी होईन. आता खेळच नाई तं शाळा कायले? कागदावर सतरा भरले, म्हंजे पोरगी मोठी झाली. माह्या पाहण्यात एक पोरगा हाये."

चंद्रकला दाराशी तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, काळजी करू नको, मी त्या लक्ष्मणरावाला सोडणार नाही.

तिने वर पाहिलं नाही. "त्याईले काहून सोडत नाई? त्याईनं का केलं? तुमाले कोनं सांगतलं होतं माह्या कानाचं लिहाले?"

मी चांगलंच लिहिलं होतं. नावाजूनच लिहिलं होतं. कोणाचं भलं करायला जावं तर हे असं. मंगलाबाईंनी चहा टाकला होता, न पिताच उठलो.

१४ सप्टेंबर, सोमवार. कोंढा

घरी गेलो. सगळं जसं झालं तसं लिहितो, नंतर कोणी बदलून सांगायला नको.

आईने दारातच हात धरला. "किती वाळला रे." बाबा आत खाटेवर, चष्मा लावून. पुढ्यात आमचं साप्ताहिक. माझाच लेख! आणि त्यावर लाल शाईच्या खुणा. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, एका ठिकाणी "हत्यार" खाली रेघ. तिसऱ्या ठिकाणी, "सहा वर्षांची असताना" याच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. तिथे तर चूकही नव्हती! तीन वर्षांनी पोरगा घरी येतो आणि बाप त्याचं शुद्धलेखन तपासत बसलेला.

आई म्हणाली, "तुह्या नावाचा पेपर आला का दोन दोनदा वाचतेत." मला काय त्याचं. चुका काढायलाच वाचत असतील.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं काय पाहिजे ते.

"म्हणजे चूक केली असं लिहून देऊ?" बाबा म्हणाले.

"चूकच आहे. ती पाच वर्षांचीसुद्धा नव्हती."

"तुले कोणी सांगितलं?"

"तिच्या आईनं."

"तवा आई कुठं होती? रोवण्यावर. बाप कुठं होता? रोवण्यावर. पोरीले भाऊ घेऊन आला, तो आठ वर्षांचा. मी कोणाले विचारायचं होतं? हात कानाले लागला. नियम तोच होता, मी सहा लिहिलं."

"तुमचा नियम घाला चुलीत! माझ्या वेळीसुद्धा हेच. तुमचा कागद साफ, माणसं मेली तरी चालतील."

"तुह्या वेळची गोष्ट येगळी होती."

"काय वेगळी? तेव्हाही आकडाच होता, आताही आकडाच आहे."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग कागदावर बोट ठेवून, अगदी हळू म्हणाले, "तू ओट्यावर होता म्हणून लिहिलं आहे इथं. खरं आहे?"

"खरं आहे."

"एवढीशी पोरगी होती म्हणते. मंग तू काहून नाही बोलला, का बाबा, हे लहान आहे?"

घ्या! आता माझाच गुन्हा. मी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, छत्तीस वर्षं रजिस्टर लिहिणाऱ्या गुरुजीला शिकवणार होतो! मी काय काय बोललो ते लिहीत नाही. आई रडत होती. बाबांनी खाटेवरून न उठता फक्त विचारलं, "मंगलाबाई तेच ना, बोडीच्या पाण्यापलीकडे घर आहे त्या?" म्हटलं, हो, कशाला? तिलाही व्याकरण शिकवायला? आणि निघालो.

मारोतरावांना सांगितलं, आमच्या म्हाताऱ्याच्या भरवशावर राहू नका.

१७ सप्टेंबर, गुरुवार. भंडारा

दोन दिवस पाऊस. वैनगंगा फुगली आहे. कोंढ्याच्या रस्त्यावरच्या नाल्यावर पाणी चढलं, एसटी बंद. टीम परवाच आली म्हणून वाचली. मारोतरावांनी चंद्रकलेलाही आणलं आहे, खेळायला नाही, असंच. ती बाकीच्यांच्या वेण्या घालून देते, पट्ट्या बांधते. माझ्याशी बोलत नाही. मामाने तिच्या आईला सांगून ठेवलं आहे, टीम परत आली की पाव्हणे येतील.

भैय्यालालजी म्हणतात याची बातमी कर, पेपर खपेल. मी म्हटलं, एक ओळसुद्धा लिहिणार नाही. म्हणाले, "आता समजलं तुले, काय कापाले सांगत होतो ते?" मी पायाशी असलेली बादली लाथाडली. ती रिकामी होती, नुसताच आवाज झाला.

१८ सप्टेंबर, शुक्रवार. भंडारा, मैदानावर

सकाळी आक्षेपाची सुनावणी झाली. टेबलामागे शिक्षण खात्याचे साहेब, बाजूला दोन मास्तर. मी बोलायला गेलो तर विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, पत्रकार. "मग बाहेर बसा."

खिडकीतून ऐकलं. साहेब म्हणाले, दाखल्यावर तारीख आहे ती आहे. आईने सांगितलं हे चालत नाही, आई सगळ्यांनाच असते. ज्यांनी लिहिली त्यांची लेखी सही असेल तर बघू. चारला कोंढा-लाखनी मॅच आहे, तोवर आणा. लक्ष्मणराव उठून म्हणाले, "साहेब, गुरुजीनं लिहून देल्लं तं माहा आक्षेप मी मांगं घेतो. माह्या पोरीच्या बापाले मंग काहीतरी सांगता येईन." मोठेपणा दाखवायला काय जातं? सही येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. रस्ता बंद आहे, आणि रस्ता चालू असता तरी तो माणूस हलला नसता. सत्तरीला आला, भंडाऱ्याला शेवटचा आला त्याला नऊ वर्षं झाली. गुडघे धरतात म्हणून पोळ्याच्या तोरणापर्यंतही गेले नाहीत यंदा.

आता तीन वाजून गेले. चुन्याच्या रेघा ओल्या मैदानावर पुसट झाल्या, पुन्हा मारून राहिले आहेत. बपेरा सकाळी जिंकलं, सुमनबाईंनी लांबून हात केला, तीन नंबरची आता पाय मागे टाकत नाही. कोंढ्याच्या आठ जणी डोकी खाली घालून बसल्या आहेत, नवव्या जागी आठवीतली एक लहान पोरगी घेतली, तिच्या कमरेवर चड्डी ठरत नाही. चंद्रकला खांबाजवळ उभी आहे. खांबाला हात लावते, काढते, लावते.

मला कोणाचं तरी तोंड फोडावंसं वाटतं आहे. लक्ष्मणरावांचं, साहेबांचं, मामाचं. बाबांना तर मी या जन्मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. एक ओळ लिहायची होती. एक सही. आयुष्यभर सगळ्या गावाची पोरं लिहिली आणि एक ओळ लिहवत नाही! असा बाप असण्यापेक्षा

साडेतीन. वरचं वाक्य अर्धं राहिलं, राहू दे, खोडत नाही.

चंद्रकला ओरडली. पाच दिवसांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "गुलाबभाऊ! थे पाहा, फाटकापाशी!"

फाटकातून एक म्हातारा येऊन राहिला आहे. धोतर कमरेपर्यंत चिखलाने भरलेलं, पायात चपला नाहीत. मागे मंगलाबाई, लुगडं तसंच ओलं. म्हाताऱ्याने डोक्यावर कापडी पिशवी धरली आहे. नाल्यात भिजू नये म्हणून धरली असेल, ती अजून तशीच आहे, आणि हात डोक्यावरून पार पलीकडच्या कानाशी आलेला. लक्ष्मणराव पुढे धावले आहेत, त्यांच्या काखेत हात घालून राहिले आहेत, आणि तो त्यांना विचारून राहिला आहे, साहेब कुठं बसतात, माझ्याकडून अकरा वर्षांपूर्वी एक चूक झाली आहे.

बाबा आले आहेत.